बोअरवेलचं पाणी खारं का लागतं? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, कळवा, कोलशेत, घोडबंदर रोड असे सगळीकडून हे प्रश्न यायला लागतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत थांबत नाहीत. बहुतेकांना थेट उपाय हवा असतो. आमचा आग्रह एकच: क्षार कुठून आला ते आधी शोधा, पैसे नंतर खर्च करा. एकाच चवीच्या पाण्यामागे वेगवेगळी कारणं असतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो.

१. आमच्या बोअरला खारं पाणी लागलंय. काळ्या कातळातच मीठ असतं का?

नाही. आपल्या पायाखालचा खडक बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. त्यात क्लोरिन नावापुरताच असतो. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या खडकात मुरतं, तेव्हा खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडं सोडियम आणि सिलिका पाण्यात उतरतात. त्याने पाणी जड होतं, खारट होत नाही. खारटपणाला क्लोराइड लागतो आणि बेसॉल्टकडे तो द्यायला नाही.

म्हणजे बोअरच्या पाण्यात क्लोराइड भरपूर सापडला तर तो बाहेरून आलाय. आपल्याकडे तो येण्याच्या वाटा मुख्यतः अशा: आजची खाडी (प्रश्न ४), खाजणातला, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या जमिनीतला, जुना खारा चिखल (प्रश्न ५), सांडपाणी (प्रश्न ९) आणि क्वचित खूप खोलवरचं जुनं पाणी (प्रश्न १० आणि ११).

२. खारं, मचूळ आणि जड पाणी एकच का?

एकच नाही, आणि या घोळात सोसायट्यांचे बरेच पैसे वाया जातात. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, पण चव खारट नसते. खाऱ्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइड जास्त असतात. मचूळ म्हणजे गोड आणि खारं यांच्या मधलं पाणी: चव बिघडलेली, पण समुद्राइतकी नाही.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १,०००. समुद्राच्या पाण्यात टीडीएस सुमारे ३५,००० आणि क्लोराइड सुमारे १९,००० असतो. यावरून एक हिशोब करून पाहा. बोअरच्या शंभर लिटर पाण्यात पाचच लिटर समुद्राचं असेल, तरी क्लोराइड हजाराच्या घरात जातो. पाणी पिण्यातून जायला समुद्र बोअरपर्यंत पूर्ण पोचावा लागत नाही.

३. कातळ एवढा टणक, मग त्यात पाणी राहतं तरी कुठे?

लाव्हा एकाच वेळी आला नाही. थरावर थर साचत गेले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, काळा कातळ. त्यात पाणी फक्त भेगांतून फिरतं. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या झालेल्या असतात, त्याला आपल्याकडे मांजऱ्या खडक म्हणतात. या पोकळ्या पुष्कळदा झिओलाइटसारख्या खनिजांनी भरलेल्या असतात, तरी खडक कुजल्यावर त्यातून पाणी झिरपतं. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा लागतो. बोअर मारताना कटिंग एकदम लाल यायला लागतं ते हेच. हा पट्टा पाणी सहसा अडवून धरतो.

त्यामुळे आपल्याकडे जमिनीखाली सलग तळं नसतं. वेगवेगळ्या खोलीवर, वेगवेगळ्या भेगांत, वेगवेगळ्या वयाचं आणि चवीचं पाणी असतं. पुढची बरीच उत्तरं याच गोष्टीवर उभी आहेत.

४. आमची इमारत खाडीपासून लांब आहे. समुद्राचं पाणी खडकातून इथपर्यंत येईल कसं?

ठाण्याची खाडी नदीसारखी दिसते, पण ती समुद्राचाच आत शिरलेला हात आहे. मुंबई बंदरातली भरती वाशी, ऐरोली ओलांडून ठाण्यापर्यंत चढते आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. पावसाळ्यात खाडी गोड्या पाण्याने पातळ होते, मे महिन्यात मात्र ती जवळपास समुद्राइतकी खारी असते.

आता खडकाखालचं पाहू. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. म्हणून किनाऱ्यालगत गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं पाणी त्याच्याखाली पाचरीसारखं आत घुसलेलं असतं. गायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचं गणित मांडलं: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत गोडं पाणी टिकतं.

हे वाक्य उलटं वाचा. उपशाने पातळी एक मीटर खाली गेली की खाऱ्या पाण्याची सीमा चाळीस मीटर वर सरकायला मोकळी होते. लगेच नाही, पण महिन्या-वर्षांत सरकते. त्यात सबमर्सिबल पंप दिवसरात्र चालला तर बोअरच्या बरोबर खाली खाऱ्या पाण्याचा सुळका वर ओढला जातो. पंप थांबवला की तो बसतो, पण चढायला लागलेल्या वेळेपेक्षा बसायला कितीतरी जास्त वेळ घेतो.

भेगाळ खडकात हे गणित काटेकोर लागू होत नाही. एखादी सलग भेग खाडीच्या दिशेने जात असेल तर खारं पाणी बरंच आत पोचतं. भेग नसेल तर खाडीकाठचं बोअरही गोडं राहतं. म्हणून खाडीपासून किती मीटर अंतरावर बोअर सुरक्षित, या प्रश्नाला आम्ही आकडा देत नाही.

५. आमचा सेक्टर भराव घालून झालाय. भराव तर मुरमाचा होता, मग खार कुठून आला?

भरावाखालून. नवी मुंबईच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात आणि ठाण्याच्या खाडीकाठी पूर्वी खाजण, खारभात आणि मिठागरं होती. आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बांध घालून, उघाड्या बसवून भरती बाहेर अडवली आणि आत भात पिकवला. उघाडी ओहोटीला उघडते, भरतीला बंद होते, आतलं पावसाचं पाणी तेवढं बाहेर जातं. मिठागरात याच्या उलट, खाडीचं पाणी मुद्दाम आत घेऊन उन्हात आटवायचं. दोन्हीकडे खालच्या काळ्या चिकणमातीत शेकडो वर्षांचा क्षार मुरलेला आहे.

१९७० साली नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली, त्यानंतर हा पट्टा शहरासाठी घेतला गेला. जमीन भरतीच्या पातळीच्या जवळपास असल्याने पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव ठेवावे लागले. ते तलाव म्हणजे उघाडीचंच मोठं रूप. भराव वर आला, चिखल खाली तसाच राहिला. चिकणमातीतून पाणी फार सावकाश हलतं, म्हणून तिच्यातला क्षार पावसाने सहज धुपत नाही. तो थोडा थोडा खाली कुजलेल्या मुरमात उतरत राहतो. तुमच्या बोअरचं केसिंग, म्हणजे वरच्या भागात बसवलेला पाइप, आखूड असेल तर हेच पाणी केसिंगच्या कडेने आत येतं. तपासायचं कसं ते प्रश्न ८ मध्ये.

६. पावसाळ्यात पाणी बरं असतं, एप्रिल-मेमध्ये तोंडात धरवत नाही. असं का?

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तेवढ्या काळात उथळ खडकातली पातळी वर येते आणि खारं पाणी खाली व खाडीकडे ढकललं जातं. ऑक्टोबरनंतर भरणं थांबतं, उपसा चालू राहतो, टँकर महागला की वाढतोही. उरलेलं प्रश्न ४ मध्ये आलंच आहे.

ऋतूनुसार चव बदलणं ही खरं तर चांगली खूण आहे. तुमच्या बोअरला पावसाचं पाणी पोचतंय. बारा महिने चव तसूभर न बदलणारं खारं पाणी जास्त काळजीचं. ते पावसाच्या आवाक्याबाहेरचं असतं.

७. शेजारच्या सोसायटीचं पाणी गोड, आमचं खारं. मध्ये फक्त कंपाउंडची भिंत. बोअरवाल्याने फसवलं का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. दोन बोअर पंधरा फुटांवर असले तरी वेगळ्या भेगांना लागलेले असू शकतात. शिवाय आपल्या भागात डाइक पुष्कळ आहेत: लाव्हा उभ्या चिरेत शिरून थिजला की जमिनीखाली खडकाची उभी भिंत तयार होते. घट्ट डाइक पाणी अडवतो, एका बाजूला गोडं, दुसऱ्या बाजूला मचूळ. उलट, डाइकच्या कडा चिरफाळलेल्या असतील तर तोच पाण्याचा रस्ता होतो. पनवेल परिसरात लाव्हाचे थर पश्चिमेकडे वाकलेले आहेत, त्याला भूशास्त्रात पनवेल फ्लेक्शर म्हणतात. अशा वाकलेल्या, तडकलेल्या खडकात शेजारच्या बोअरवरून आपल्या बोअरचा अंदाज बांधणं धोक्याचं.

शेजाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: बोअर किती फूट, केसिंग किती फूट, रोज किती तास पंप. फरकाचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

८. बोअरवाला म्हणतो, अजून शंभर फूट खाली गेलो की गोडं लागेल. जायचं का?

आम्हाला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हा. बहुतेक ठिकाणी उत्तर आहे: नका जाऊ. क्षार खाडीतून येत असेल तर खोल जाणं म्हणजे पाचरीच्या पोटात शिरणं. बोअर खोल केला की पंपही खाली सोडला जातो, पातळी आणखी उतरते आणि शेजाऱ्यांचं गोडं पाणीही बिघडतं. हे शेजाऱ्यांचं नुकसान आम्हाला जास्त सलतं, कारण त्यांनी काहीच केलेलं नसतं.

अपवाद आहे, आणि तो खरा आहे. भरावाच्या पट्ट्यात वरचं पाणी खारं आणि तांबड्या मातीच्या पट्ट्याखालचं गोडं असू शकतं. पारसिकच्या डोंगरावर मुरलेलं पाणी खालच्या थरातून खाडीकडे सरकत असेल आणि वरच्या चिखलापासून तो पट्टा त्याला तोडत असेल, तर असं होतं. अशा ठिकाणी वरचा खारा भाग केसिंगने पूर्ण बंद करून, केसिंगच्या बाहेरची फट सिमेंटने भरून, फक्त खालचं पाणी घेतलं तर बोअर सुधारतो. केसिंग नीट बसवलं नाही तर मात्र वरचं खारं पाणी त्याच भोकातून खालच्या गोड्या थरात उतरतं आणि तो थर कायमचा बिघडू शकतो.

दोन्हींतला फरक ओळखायचा तर बोअरच्या वेगवेगळ्या खोलीवरच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजून घ्या; क्षार जितका जास्त तितकी ती जास्त. प्रोब खाली सोडत हे काही तासांत होतं. वर जास्त आणि खाली कमी आलं तर केसिंगचं बघा. खाली जाताना आकडा वाढत गेला तर बोअर खोल करू नका. उलट खालचा भाग भरून घेण्याचा विचार करा आणि पंप वर उचला.

९. आम्ही येऊरच्या पायथ्याशी राहतो. खाडीशी काही संबंध नाही, तरी क्लोराइड वाढलाय.

मग आधी सांडपाण्याकडे बघा. माणसाच्या लघवीत मीठ असतं, स्वयंपाकघरातून मीठ जातं, वॉटर सॉफ्टनर धुतल्यावर मिठाचं पाणी बाहेर पडतं. गळकी ड्रेनेज लाइन किंवा सेप्टिक टँक बोअरजवळ असेल तर क्लोराइड वाढतो. त्याच्या जोडीला नायट्रेट आणि जिवाणू सापडतात. खाडीच्या पाण्यात नायट्रेट अशा प्रमाणात वाढत नाही. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर चवीचा विचार सोडा आणि ते पाणी लहान बाळांच्या दुधासाठी अजिबात वापरू नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतो.

१०. वज्रेश्वरी-अकलोलीची गरम कुंडं समुद्रापासून इतकी दूर, तरी पाणी खारट लागतं. तो समुद्र कुठला?

तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथल्या कुंडांत खरंच क्लोराइड बराच असतो. पालघर ते रत्नागिरी अशी कोकणातल्या गरम झऱ्यांची जी ओळ आहे, तिच्यातल्या बऱ्याच झऱ्यांची हीच तऱ्हा. पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंवरून) दिसतं की पाणी मुळात पावसाचं आहे. ते भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि वर येतं. क्षाराबद्दल अभ्यासकांचं एक मत असं की खोलवर समुद्री पाण्याचा जुना अंश आहे आणि तापलेल्या बेसॉल्टशी त्याची अदलाबदल झाली आहे: मॅग्नेशियम खडकाने घेतलं, कॅल्शियम पाण्यात सोडलं. म्हणून हे पाणी खारट असूनही समुद्राच्या पाण्यापेक्षा वेगळं. समुद्रात कॅल्शियमच्या तिप्पट मॅग्नेशियम असतं, कुंडांत ते अगदी थोडं उरतं.

तुमच्या खोल बोअरचं पाणी कोमट, खारट आणि मॅग्नेशियम फार कमी असलेलं निघालं, तर त्याला खाडीचं पाणी समजू नका.

११. खडकात हजारो वर्षांपूर्वीचा समुद्र अडकलेला असू शकतो का?

हो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. तेव्हा ठाण्याची खाडी नव्हती, तिथे दरी होती. बर्फ वितळत गेला, पाणी चढलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्या पातळीच्या जवळपास आला. त्या चढत्या समुद्राने खाडीतळाशी चिखल साचवला, आणि त्या चिखलात तेव्हाचं पाणी अजून आहे. म्हणून काही ठिकाणी आजची खाडी निर्दोष असते, क्षार तिच्या पूर्वजाचा असतो.

याहून कितीतरी जुनं खारं पाणी जगात सापडलंय. कॅनडातल्या टिमिन्सजवळच्या खाणीत, जवळपास २.४ किलोमीटर खोलीवर, शंभर कोटी वर्षांहून अधिक काळ जगापासून तुटलेलं पाणी मिळालं. २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. तिथला खडकही आपल्यासारखाच कठीण, फक्त फार जुना. इतका काळ खडकाशी झटत राहिलेलं पाणी समुद्राच्या मदतीशिवायही खारं होऊ शकतं. आपल्या तीन-चारशे फुटांच्या बोअरला मात्र हे स्पष्टीकरण लावू नये. इतक्या उथळ खडकात पाणी एवढा काळ अडून राहत नाही.

१२. अकोल्याकडचा खारपाणपट्टा आणि आपलं खारं पाणी यांचं मूळ एकच का?

नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत खारं पाणी बेसॉल्टवरच्या जाड गाळात आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तिथे पाऊस कमी, ऊन जास्त, चिकण गाळातून निचरा होत नाही, त्यामुळे क्षार धुपून जाण्याऐवजी साचत जातात. आपल्याकडे पाऊस इतका आहे की तशा पद्धतीने क्षार साचायला वावच नाही. तिकडचे नातेवाईक सांगतात ते उपाय इथे जसेच्या तसे लावू नका.

१३. क्षार कुठून आला हे प्रयोगशाळा सांगू शकते का?

नीट तपासण्या मागितल्या तर बऱ्याच अंशी. पेनासारखं टीडीएस मीटर फक्त किती ते सांगतं, कुठून ते नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, नायट्रेट आणि जमलं तर ब्रोमाइड तपासून घ्या.

समुद्राच्या पाण्यात क्लोराइड ब्रोमाइडच्या सुमारे २९० पट असतो. नमुन्यात हे प्रमाण तेवढंच निघालं तर क्षार समुद्राचा. सांडपाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात ते बरंच वर जातं. दुसरी खूण सोडियमची. समुद्रात सोडियमचं क्लोराइडशी मोल-प्रमाण, म्हणजे वजनाने नाही तर कणांच्या संख्येने काढलेलं प्रमाण, ०.८६ असतं. खारं पाणी नुकतंच गोड्या खडकात शिरत असेल तर खडकातली चिकणमाती आणि झिओलाइट सोडियम धरून ठेवतात आणि बदल्यात कॅल्शियम सोडतात, त्यामुळे हा आकडा ०.८६ च्या खाली जातो आणि पाणी खारट असून वर जडही होतं. ‘खारंही आहे आणि साबणाला फेसही येत नाही’ ही तक्रार त्यामुळेच. उलट, खाऱ्या खडकात गोडं पाणी परत येत असेल तर सोडियम आणि बायकार्बोनेट वाढलेले दिसतात. तसा अहवाल आला तर धीर धरा, बोअर सुधारतोय.

एक नमुना पुरत नाही. एक मे अखेरीस आणि एक ऑक्टोबरमध्ये, दोन्ही वेळा पंप निदान अर्धा तास चालवून मग बाटली भरा.

१४. शेजारी टॉवरच्या तळघराचं खोदकाम सुरू झालं आणि आमचं पाणी मचूळ झालं. संबंध असेल का?

असू शकतो. दोन-तीन मजले खोल खड्डा कोरडा ठेवायला तिथे दिवसरात्र पाणी उपसतात. खाडीपट्ट्यात याचा परिणाम मोठ्या बोअरसारखाच होतो. खड्ड्यातलं पाणी तपासा, तुमचं तपासा, तारखांसह नोंद ठेवा. कागद हातात असेल तर बोलणं सोपं जातं. बांधकाम संपून तळघर बंद झाल्यावर पातळी सावरते. चव सावरायला एखाद-दोन पावसाळे लागू शकतात.

१५. गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडलं तर खार जाईल का?

डोंगराच्या अंगाला फरक पडतो, आणि तिथे सोसायट्यांनी हे जरूर करावं. त्या भागात मुरलेलं पाणी खालच्या सगळ्यांसाठी खाडीला मागे रेटतं. भरावाच्या सेक्टरमध्ये पावसाळ्यात खडक आधीच काठोकाठ असतो, पाणी आत शिरत नाही. तिथे टाकी बांधून साठवणं जास्त उपयोगाचं. कुठेही असलात तरी गाळणीशिवाय पाणी थेट बोअरमध्ये सोडू नका. आणि आरओचं टाकाऊ पाणी शोषखड्ड्यात कधीच सोडू नका: उपसलेला सगळा क्षार कमी पाण्यात घट्ट करून तुम्ही परत जमिनीला देता.

१६. असं पाणी बांधकामाला किंवा झाडांना चालेल का?

सळ्यांच्या काँक्रीटला नाही. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानक आयएस ४५६ नुसार त्यासाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवा, नाहीतर सळ्या गंजतात. दुरुस्तीच्या प्लास्टरसाठी आलेला ठेकेदारही सोसायटीच्या बोअरचंच पाणी वापरतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

फ्लशला चालतं. झाडांत नारळ आणि चिकू मचूळ पाणी बऱ्यापैकी सोसतात. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर फवारू नका. गुलाबाला आणि कुंडीतल्या रोपांना मात्र नळाचंच द्या. कुंडीतला क्षार पावसात धुपून जायला जागा नसते, म्हणून जूनमध्ये कुंड्या गॅलरीतून बाहेर, उघड्यावर काढून ठेवा.